एअर रायफलची हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात नेमबाजी शिकणारी मुलं, त्यांचे आईवडील आणि नुकतीच स्वतःची रायफल घेतलेले नेमबाज यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. विषय एवढाच, की १० मीटर स्पर्धेच्या रायफलमधली हवा कशी चालते, कशी बिघडते आणि कशी जुळवायची. उभं राहणं, श्वास, ट्रिगर हा भाग तुमच्या सरांचा, त्यात मी शिरलेलो नाही. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे पुढे. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सर, एअर रायफलमध्ये हवा नेमकं काय काम करते?

बॅरलच्या खाली जी जाड नळी दिसते तो सिलिंडर. पूर्ण भरलेला असताना त्यात बहुतेक रायफलींमध्ये २०० बार दाबाची हवा असते. मोटारसायकलच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज घ्या. ही हवा थेट पेलेटच्या, म्हणजे शिशाच्या छोट्या छर्र्याच्या, मागे जात नाही. मध्ये रेग्युलेटर बसलेला असतो. तो दाब शंभर बारच्या बराच खाली आणतो आणि तेवढ्याच दाबाची हवा पुढच्या छोट्या कोठीत भरून ठेवतो. ट्रिगर सुटला की हॅमर व्हॉल्व्हच्या दांडीवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि कोठीतली हवा पेलेटला ढकलते. लगेच रेग्युलेटर कोठी पुन्हा भरतो.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते माणसाशिवाय उघडतात. रेग्युलेटरही असाच आपल्या आपण चालतो, फक्त उलट्या बाजूनं. कोठीतला दाब ठरलेल्या आकड्याला आला की तो बंद होतो. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या बंद होण्यावर येऊन थांबतात.

२. सेमी-ऑटोमॅटिक रायफलची ‘गॅस सिस्टीम’ म्हणतात ती हीच का?

नाही. तिथं काडतुसातली दारू जळून झालेल्या गॅसचा थोडा भाग बॅरलमधल्या छिद्रातून बाहेर घेतात. तो गॅस बोल्ट मागं ढकलतो, रिकामं काडतूस फेकलं जातं आणि पुढचं भरलं जातं. आपल्या रायफलीत प्रत्येक पेलेट हातानं भरायची असते आणि हवेचं काम पेलेट ढकलण्यापुरतंच.

५० मीटरची रायफलही निराळी. स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं तो ५० मीटर थ्री पोझिशन प्रकार, आणि तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली तो ५० मीटर प्रोन. दोन्हींत .२२ चं काडतूस एकेक करून हातानं भरतात. सिलिंडरही नाही आणि गॅसवर चालणारा बोल्टही नाही. तिथली जुळवाजुळव दारूगोळ्याचा लॉट निवडण्यात असते. या पानाचा त्या रायफलींशी संबंध नाही.

३. एअर रायफलला परवाना लागतो का?

४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या शक्तीच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साडेसात-आठ ज्यूलवर चालते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. विकत घेताना ओळखपत्र लागतं. बिल जपून ठेवा, प्रवासात त्याचा उपयोग होतो (प्रश्न १६).

४. वेग किती असावा? वाढवला तर स्कोअर वाढतो का?

स्पर्धेच्या पेलेटचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम असतं आणि कारखान्यातून आलेली रायफल ती सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगानं सोडते. एवढ्या वेगाला पेलेट १० मीटर सरळ आणि स्थिर जाते. यापेक्षा जास्त वेगाची गरज नसते.

तरी दर वर्षी कुणी तरी स्क्रू पिळून वेग १८५ वर नेतो आणि पेलेट बॅरलमधून लवकर बाहेर पडेल, हात हलायला वेळ मिळणार नाही, असं सांगतो. हिशेबात तो खोटा नाही. पण बॅरलमध्ये वाचणारा वेळ मिलिसेकंदाच्या अंशात मोजायचा, आणि त्याच्या बदल्यात धक्का वाढतो, आवाज वाढतो, हवा जास्त जाते आणि सपाट तोंडाच्या पेलेटचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, बहुतेक वेळा फुटतो. माझं मत स्पष्ट आहे. १७० वर एकसारखी चालणारी रायफल मला १८० वर डुलणाऱ्या रायफलीपेक्षा शंभरदा चांगली वाटते. डुलणं म्हणजे किती, ते पुढच्या उत्तरात.

५. वेगात थोडा फरक पडला तर टार्गेटवर किती दिसतो?

हा हिशेब वहीत स्वतः मांडून बघा, कारण तो एकदा डोक्यात बसला की हवेबद्दलची निम्मी भीती जाते.

१७० मीटर/सेकंद वेगाच्या पेलेटला १० मीटरला साधारण ०.०५९ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणानं जवळपास १७ मिलिमीटर खाली येते. १७५ ला हाच आकडा १६ मिलिमीटर होतो. पाच मीटरच्या फरकाला एक मिलिमीटर, म्हणजे एका मीटर/सेकंदाला ०.२ मिलिमीटर.

आता टार्गेट बघा. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांत ०.१ म्हणजे ०.२५ मिलिमीटर. म्हणून वेगात एका मीटरची चूक झाली तर नुकसान एका दशांशाहूनही कमी. तीन मीटरची झाली तर दोन-अडीच दशांश. ६० शॉटच्या मॅचमध्ये असे थोडे थोडे दशांश मिळून फायनलची जागा जाऊ शकते. पण १०.६ नंतर अचानक ८.९ लागला तर त्याला हवा कारण नाही. तेवढ्यासाठी वेग वीसेक मीटरनं घसरावा लागेल, आणि तो घसरला तर आवाजावरूनच कळेल.

दुसरी गोष्ट याच हिशेबातून निघते. वेगाचा फरक शॉट वर-खाली नेतो, डावी-उजवीकडं नाही. ग्रुप आडवा पसरत असेल तर रायफल उघडू नका.

६. सिलिंडर कितीला भरायचा? एका भरणीत किती शॉट मिळतात?

सिलिंडरवर जो कमाल दाब कोरला आहे तेवढाच. बहुतेकांवर २०० बार असतं, काही नव्या सिलिंडरवर ३००. २०० च्या सिलिंडरला ‘थोडं जास्त’ म्हणून २२० भरू नका. उन्हाळ्यात तो स्वतःहून तिथं जातो (प्रश्न ८).

शॉट किती, हे सिलिंडरच्या लांबीवर आणि वेगावर ठरतं. मोठ्या सिलिंडरला ढोबळ २०० ते ३०० धरा, पण आपल्या रायफलीचा आकडा आपणच काढावा. भरून गार झाल्यावर दाबाचा काटा लिहून ठेवा, ४० शॉट मारा, पुन्हा लिहा. दर शॉटला अर्धा बार जात असेल, तर ६० शॉटची मॅच, वीस-पंचवीस साइटिंग (मॅचआधी नेम जुळवायचे शॉट) आणि फायनलचे २४ मिळून पंचावन्न बारपर्यंत हवा लागेल.

मॅचला निघताना काटा १५० च्या वर हवा. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाजवळ आला की रेग्युलेटरला कमी करायला काही उरत नाही, आणि तिथून शॉट एकेक करून खाली उतरू लागतात. मी १०० च्या खाली मॅच सुरू करू देत नाही.

७. हवा कशानं भरायची? हँडपंप चालेल का?

चालेल, पण आपल्या हवेत जपून. रेंजवर मोठा सिलिंडर असेल, पाणबुडे पाठीवर लावतात तसा, तर त्यातून अडॅप्टर लावून भरणं सर्वांत चांगलं. मोठ्या सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते. ती उलटून गेली असेल तर भरून आणू नका आणि वापरूही नका.

भरताना व्हॉल्व्ह हळू उघडा. हवा एकदम दाबली की तापते, सिलिंडर हाताला कोमट लागतो, आणि मग काटा खोटं बोलतो. एक-दोन मिनिटं घेऊन भरा. आधी सिलिंडर सरळ ओळीत, आटे बरोबर बसवून हातानं घट्ट करा. आटे तिरके बसले आहेत असं वाटलं तर सोडवून पुन्हा लावा. पान्ह्यानं ओढू नका.

उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, मुबलक मिळतो तो वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही, कुठल्याही कारणानं भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीसचा अंश एकत्र आला तर स्फोट होतो. गॅरेजचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो, त्याचा इथं उपयोग नाही.

हँडपंपाचं पाणी हा वेगळा विषय आहे, तो प्रश्न १० मध्ये.

८. काल २०० भरला, आज सकाळी काटा १८८ ला. गळती आहे का?

बहुतेक वेळा नाही. बंद सिलिंडरमधला दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो. भरताना हवा ४० अंशांवर असेल आणि रात्रीत ती २० अंशांवर आली, तर २०० चे १८७ होतात. हवा तेवढीच आहे, फक्त गार झाली आहे.

हाच हिशेब उलटा लावून बघा. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर मे महिन्यात रंकाळ्यावर काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत राहिला आणि आत ५५ अंश झाले, तर काटा २२० ला जातो. म्हणून सिलिंडर गाडीत ठेवून कुठंही जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

गळतीची शंका असेल तर दोन दिवस, एकाच वेळी, एकाच खोलीत काटा लिहा. तापमान तेच असताना दाब उतरला तरच ती गळती. मग पुढचा प्रश्न वाचा.

९. गळती कुठून आहे ते कसं शोधायचं?

सिलिंडर रायफलीवरून काढा आणि एक रात्र तसाच ठेवा. एकट्या सिलिंडरचा काटा उतरला तर दोष त्याच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा काट्याच्या बसणीत. तो तसाच राहिला आणि रायफलीला लावल्यावरच उतरू लागला, तर दोष जोडावरच्या ओ-रिंगमध्ये (हवा अडवणाऱ्या रबरी कडीत) नाहीतर आत.

जोडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब बोटानं लावा. बुडबुडा आला तर जागा सापडली. अख्खी रायफल किंवा सिलिंडर बादलीत बुडवायचा नाही. बॅरलच्या तोंडाशी कान नेऊन ‘सूं’ ऐकायचा प्रयत्न काही जण करतात. तो करू नका. पेलेट न भरता बॅरलच्या तोंडावर टिश्यू पेपरचा पातळ तुकडा धरा. तो हलला तर आतला व्हॉल्व्ह नीट बसत नाही. हे करताना बोल्ट उघडा आणि बोट ट्रिगरपासून लांब.

जोडावरची ओ-रिंग बदलणं तुम्हाला जमेल. आतला व्हॉल्व्ह जाणकाराकडं द्या.

१०. पावसाळ्यात रायफल बिघडते असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि कारण बरेचदा आपणच आत घातलेलं असतं. जुलैत कोल्हापूरची हवा किती ओली असते ते सांगायला नको. २५ अंशांना, ९० टक्के दमटपणात, एका घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. एक लिटरचा सिलिंडर २०० बारला भरायला २०० लिटर हवा आत कोंबावी लागते. त्या हवेसोबत ४ ग्रॅम पाणी येतं आणि दाबाखाली ते जवळजवळ सगळं थेंब होऊन बसतं. रायफलीचा सिलिंडर लिटरपेक्षा बराच लहान असतो, तरी हवा न वाळवता पंपानं रोज भरत राहिलं तर महिन्याभरात किती होईल बघा.

मी स्वतः एका पावसाळ्यात हे केलं. मोठा सिलिंडर रिकामा होता, स्पर्धा जवळ होती, म्हणून एका मुलाची रायफल तीन आठवडे हँडपंपानं भरत राहिलो. सप्टेंबरमध्ये शॉट वर-खाली जायला लागले. रेग्युलेटर उघडला तेव्हा आतल्या पिस्टनवर तपकिरी डाग आणि सीटवर (तो टेकून बंद होतो त्या जागेवर) पांढरट पूड होती. तो हंगाम त्या मुलाचा गेला, आणि चूक माझी होती.

म्हणून पंपाला वाळवणीचा फिल्टर लावा आणि त्यातल्या सिलिका जेलचा रंग बदलला की दाणे बदला. पन्नासेक झटक्यांनंतर पंप गार होऊ द्या आणि त्याचं पाणी सोडायचं बटण दाबा. मोठा सिलिंडर भरून आणता, तिथल्या कॉम्प्रेसरला फिल्टर आहे का ते विचारा. आणि पावसातून घरी आल्यावर रायफल ओल्या केसमध्ये ठेवू नका. पुसा, केस उघडी ठेवा, बॅरलमधून कोरडा फेल्ट (साफसफाईचा बोळा) एकदा काढा.

११. थोडं थांबून मारलेला पहिला शॉट नेहमी वर जातो. असं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि एअर रायफलीच्या हवेतला माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा दोष आहे. याला ‘क्रीप’ म्हणतात.

रेग्युलेटरनं ठरलेल्या दाबाला घट्ट बंद व्हायला हवं. त्याच्या सीटवर खाच पडली असेल, धुळीचा कण अडकला असेल किंवा ओ-रिंग कडक झाली असेल, तर तो बंद झाल्यासारखा दिसतो, पण मागची २०० बारची हवा केसाएवढ्या फटीतून पुढं झिरपत राहते. लागोपाठ शॉट मारताना हे कळत नाही, कारण कोठी सतत रिकामी होते. तुम्ही दहा मिनिटं थांबलात, सरांशी बोललात, पाणी प्यालात, की तेवढ्यात कोठीतला दाब चढतो. पुढचा शॉट वेगानं जातो आणि वर लागतो. त्याच्या पुढचा पुन्हा जागेवर येतो.

मॅचमध्ये हेच जास्त नडतं. ६० शॉटना ७५ मिनिटं असतात आणि कोणताही चांगला नेमबाज मध्ये एक-दोनदा थांबतो. म्हणजे तुम्ही शांत होऊन, मन लावून मारलेला शॉटच बिघडतो. मुलं मग स्वतःवरच शंका घेऊ लागतात. अशा मुलीची वही मी बघितली आहे. तिनं ‘विश्रांतीनंतर लक्ष नाही’ असं सात ठिकाणी लिहिलं होतं. लक्ष होतं. रेग्युलेटर झिरपत होता.

तपासायचं असं. क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दहा शॉट एका लयीत मारा आणि सरासरी काढा. रायफल पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मग एक शॉट, आणि लगेच आणखी दोन. पहिला सरासरीपेक्षा तीन-चार मीटर वर आणि पुढचे दोन जागेवर, असं तीनदा झालं तर क्रीप नक्की. एकदाच झालं तर योगायोग धरा.

उपाय म्हणजे रेग्युलेटर साफ करणं आणि सीट-ओ-रिंगचा संच बदलणं. स्क्रू फिरवून क्रीप जात नाही. रेग्युलेटर दुरुस्त होईपर्यंत मॅच आलीच, तर थांबल्यानंतरचा पहिला शॉट साइटिंगच्या वेळेत चालतो, मॅचमध्ये नाही. म्हणून मॅच सुरू झाल्यावर लय तोडू नका.

आणि उलटं झालं तर? थांबल्यावर पहिला शॉट खाली जात असेल तर क्रीप नाही. बरेचदा व्हॉल्व्हवरचं किंवा हॅमरच्या वाटेवरचं ग्रीस चिकट झालेलं असतं आणि पहिला ठोका अडखळतो. साफसफाईनं हे जातं.

१२. क्रोनोग्राफ नाही. मग वेग कसा कळणार?

आकडा कळणार नाही, एकसारखेपणा कळू शकतो. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, एकाच डब्यातल्या पेलेटनी दहा शॉटचे तीन ग्रुप मारा. ग्रुप उभा लांबट आला तर वेग डुलतो आहे. गोल आला तर हवा ठीक आहे.

तरी चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक क्रोनोग्राफ घ्यावा असं मी सगळ्यांना सांगतो. महागड्या जाकिटापेक्षा तो जास्त शिकवतो. वापरताना तो बॅरलच्या तोंडापासून नेहमी सारख्या अंतरावर ठेवा आणि पेलेट दोन्ही सेन्सरच्या मधोमध जाऊ द्या. काही एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्यानं तो भलतेच आकडे दाखवतो. मध्येच २४० दिसलं तर रायफलीला दोष देण्याआधी दिवा बदलून बघा. दहा शॉटमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात तीन मीटरच्या आत फरक असेल तर रायफल मॅचला तयार आहे.

१३. हॅमरचा स्क्रू आधी फिरवायचा की रेग्युलेटरचा?

आधी काहीच नाही. क्रोनोग्राफचे आकडे, काट्याचा दाब आणि तारीख वहीत लिहा. मग एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा. कुठं होता त्याची खूण पेन्सिलीनं करा. दोन्ही एकदम फिरवणारा माणूस परत मूळ जागी येऊ शकत नाही, आणि अशी रायफल माझ्याकडं आली की मला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

वेग थोडा कमी-जास्त करायचा असेल तर हॅमरचा, म्हणजे वेगाचा स्क्रू. बहुतेक मॉडेलला तो बाहेरूनच लागतो. जसजसा हॅमर कडक कराल तसतसा वेग वाढतो आणि एका ठिकाणी वाढायचा थांबतो. पन्हाळ्याच्या घाटातून वर आल्यावर सपाटी लागते तसं. त्या सपाटीच्या जरा अलीकडं रायफल सर्वांत शांत असते, कारण तिथं दाब किंवा ठोका किंचित इकडंतिकडं झाला तरी वेग फारसा हलत नाही. सपाटीच्या पलीकडं आणखी पिळलं तर वेग तोच राहतो, फक्त हवा वाया जाते आणि आवाज फुटतो. शॉटची संख्या अचानक कमी झाली असेल तर हे कारण आधी बघा.

रेग्युलेटरचा दाब हा क्वचित हात लावायचा भाग. त्याआधी सिलिंडर काढा, रायफल सुरक्षित दिशेला धरून कोठीतली हवा रिकामी करा, मगच उघडा. दाबाखालचा कोणताही स्क्रू सैल करायचा नाही.

१४. दाब वाढवला आणि वेग उलट कमी झाला. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि बऱ्याच जणांची इथं गडबड होते. कोठीतला दाब व्हॉल्व्हला मागून दाबून बंद ठेवतो. दाब वाढवला की व्हॉल्व्ह जास्त घट्ट बसतो आणि तोच हॅमर त्याला पूर्वीएवढा उघडू शकत नाही. जोर जास्त, पण दार कमी उघडतं, म्हणून एकूण हवा कमी जाते. क्रीप जास्त असलेल्या काही रायफलींत थांबल्यानंतरचा पहिला शॉट वर जाण्याऐवजी खाली जातो, त्याचंही कारण हेच. म्हणजे प्रश्न ११ मधल्या ग्रीसच्या उत्तराला हा अपवाद. साफ केल्यावरही शॉट खाली जात राहिला तर रेग्युलेटरच तपासा.

उपाय सोपा आहे. रेग्युलेटर मूळ जागी आणा. दाबाच्या मागं हॅमर वाढवत गेलात तर शेवट प्रश्न ४ मधल्या १८५ वाल्या रायफलीसारखा होतो.

१५. ओ-रिंग, अडॅप्टर, वॉशर उद्यमनगरात करून घेतले तर काय बिघडलं?

उद्यमनगरच्या लेथवरच्या हाताचा मला अभिमान आहे. बटप्लेटचा तुकडा, वजनाचे रिंग, रायफल टेकवायचा स्टँड हे सगळं मी तिथंच करून घेतो आणि ते परदेशी वस्तूच्या तोडीचं होतं. पण २०० बारचा दाब ज्यावर येतो ती वस्तू नाही. धातूची प्रत, आट्यांचं माप आणि चाचणी यांचा दाखला नसेल तर तो भाग डोळ्यांपासून एका फुटावर असणार आहे, हे लक्षात ठेवा.

ओ-रिंगचं माप जुळलं तरी रबर जुळलं पाहिजे. पंपाच्या दुकानातली मऊ रिंग दाबाखाली फुगते आणि फाटते. कंपनीच्या संचातलीच वापरा. लावताना सिलिकॉन ग्रीसचा बोटावर दिसेल न दिसेल एवढा थर. गाडीचं ग्रीस किंवा शिवणयंत्राचं तेल हवेच्या वाटेत कुठंच नको.

१६. सिलिंडरला मुदत असते का? आणि प्रवासात न्यायचा कसा?

असते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला बहुतेक कंपन्या निर्मितीपासून दहा वर्षं देतात. तारीख सिलिंडरवर कोरलेली असते, आणि तो मुदतीत ठेवण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नेमबाजाची असते. जुनी रायफल स्वस्तात मिळते तेव्हा आधी ही तारीख वाचा. नव्या सिलिंडरची किंमत धरली की ती तेवढी स्वस्त राहत नाही. मुदत संपलेला सिलिंडर धाकट्या भावाला सरावाला द्यायचा नाही. हवा सोडून, निरुपयोगी करून टाकून द्यायचा.

विमानानं जाणार असाल तर सिलिंडर पूर्ण रिकामा करून, रायफलीपासून वेगळा ठेवा, आणि विमान कंपनीला आधी कळवा. बिल आणि स्पर्धेचं पत्र हाताशी असू द्या. रेल्वे किंवा एसटीनं पुण्या-मुंबईला जाताना मी काटा १०० च्या आसपास ठेवून नेतो आणि तिथं भरतो.

१७. क्लबकडं जुनी सीओटूची रायफल आहे. तिचं काय करावं?

सरावाला उत्तम, फक्त तिचा स्वभाव ओळखा. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमान ठरवतं. २० अंशांना सुमारे ५७ बार, ऊन वाढलं की भराभर वर. ३१ अंशांच्या पुढं तर तो द्रव राहतच नाही. म्हणून जानेवारीतल्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी तीच रायफल दोन वेगळ्या रायफलींसारखी वागते. दाबलेली हवा वापरणाऱ्या रायफली आल्या आणि सीओटू मागं पडला त्याचं एक मोठं कारण हेच. तिच्या सिलिंडरमध्ये हवा किंवा हवेच्या सिलिंडरमध्ये सीओटू, असली अदलाबदल करू नका.

१८. पेलेट बदलली की हवा पुन्हा जुळवावी लागते का?

सहसा नाही. पेलेटच्या डोक्याचं माप ४.४८, ४.४९, ४.५० असं येतं, आणि आपल्या बॅरलला कोणतं मानवतं ते प्रश्न १२ मधल्यासारखं टेकवून बघायचं. हवा आधी स्थिर करा, पेलेट नंतर निवडा. झिरपत्या रेग्युलेटरवर सहा डबे तपासून काही हाती लागत नाही, फक्त पैसे जातात. आणि पेलेट शिशाची आहे, सराव झाला की मुलांना हात साबणानं धुऊ द्या, मगच जेवणाचा डबा उघडू द्या.

१९. कोल्हापुरात झिरो केलेली (साइट जुळवलेली) रायफल दिल्लीत वेगळी लागते. उंचीमुळं का?

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, दिल्ली दोनशेच्या आसपास. दिल्लीची हवा थोडी दाट, पण १० मीटरच्या अंतरात त्यामुळं पडणारा फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. जो फरक दिसतो तो दुसरीकडून येतो. तिथल्या रेंजचा उजेड वेगळा, प्रवासात साइट किंवा स्टॉकचा स्क्रू हललेला, आणि डिसेंबर-जानेवारीत गेलात तर थंडीनं ग्रीस घट्ट झालेलं.

पोचल्यावर रायफल केसमधून काढून तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, स्क्रू तपासा आणि रेंजवरच दहा-बारा शॉट नुसते सोडून द्या. मग मॅचआधीची साइटिंगची १५ मिनिटं आहेतच. पहिले पाच शॉट होईपर्यंत साइटच्या नॉबला हात लावू नका. ग्रुप कुठं बसतो ते दिसलं की दोन-तीन क्लिक, आणि वहीत ‘दिल्ली’ असं लिहून ते क्लिक नोंदवून ठेवा.